पुश म्हणजे ओढा

सुरतहून हजिऱ्याकडे निघालं की वाटेत इच्छापोर लागतं. हिरे-दागिन्यांची औद्योगिक वसाहत इथलीच. पुढे वायूचे प्रकल्प, खताचा कारखाना, पोलादाचा कारखाना, आणि मग खाडी आणि समुद्र. इथून फार लांब नसलेल्या सुवालीच्या किनाऱ्यासमोर १६१२ सालच्या नोव्हेंबरअखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज जहाजांची लढाई झाली. एका बाजूला कॅप्टन थॉमस बेस्टची ‘रेड ड्रॅगन’ आणि ‘होसिअँडर’ ही दोन जहाजं, समोर पोर्तुगिजांची चार थोरली गॅलिअन जहाजं आणि त्यांच्याबरोबर लहान नावांचा ताफा. मराठी माणसाला सुरत म्हटलं की शिवरायांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात, सुवाली सहसा आठवत नाही. पण इंग्रजांच्या सुरतच्या वखारीचं बस्तान बसलं ते या लढाईनंतर. त्यांचा वकील सर थॉमस रो १६१५ साली उतरला तोही याच सुवालीला.

आता त्या दिवसाची एक कल्पना करून पाहा. तोफ जागेवर आणायची आहे, खलाशी तिला भिडलेत. इंग्रज जहाजावर कुणीतरी ओरडतो, ‘पुश!’ खलाशी अंग घालून तोफ ढकलतात. नेमका तोच आवाज समोरच्या पोर्तुगीज जहाजावर घुमला असता, तर तिथल्या खलाशांनी तोफ ओढली असती.

कारण पोर्तुगीज भाषेत ‘पुशार’ म्हणजे ओढणं. त्याचं आज्ञार्थी रूप ‘पुशे’, आणि बोलताना त्यातला शेवटचा ‘ए’ जवळजवळ गिळला जातो, म्हणून कानावर पडतं ते ‘पुश’च. आजही लिस्बनच्या दुकानाच्या दारावर ही अक्षरं दिसली की इंग्रजी जाणणारा प्रवासी दार ढकलत बसतो आणि आतला दुकानदार हाताने खूण करतो, अहो, ओढा. ढकलायचं असेल तर त्यांचा शब्द वेगळा आहे, ‘एंपुर्रे’.

दोन भाषांत सारखे ऐकू येणारे आणि उलट अर्थाचे शब्द योगायोगानेही निघतात. इथे योगायोग नाही, आणि खरी गंमत तीच आहे. दोन्ही शब्द सख्खे भाऊ. लॅटिनमध्ये ‘पुल्सारे’ म्हणून एक क्रियापद होतं, अर्थ ठोकणं, आदळणं, जोराने ढकलणं. फ्रेंचांच्या तोंडून ते इंग्लंडला पोचलं आणि ‘पुश’ झालं. तेच क्रियापद इबेरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर गेलं, तिथल्या लोकांच्या तोंडी घासलं गेलं, आणि होता होता त्याची दिशाच फिरली. या घराण्याची तिसरी शाखा आपल्या मनगटात आहे. डॉक्टर जिला ‘पल्स’ म्हणतात ती नाडी याच लॅटिन मुळातून आलेली. हृदय दर ठोक्याला रक्त पुढे ढकलतं आणि त्या ढकलण्याचा पडसाद बोटाखाली लागतो.

मराठीने पोर्तुगिजांकडून कितीतरी शब्द घेतले. दाराचंच पाहा ना, चावी त्यांची आणि बिजागरीही त्यांचीच. दार ढकलण्या-ओढण्याचे शब्द मात्र आपण कुणाकडून घेतले नाहीत. त्याची गरजही नव्हती, कारण आपल्याकडे ते इतके होते की इंग्रजीच्या एका ‘पुश’समोर मराठीची रांगच उभी राहते.

त्या रांगेतून जरा फिरून येऊ.

‘ढकलणं’ हा सगळ्यांत सरळ. हात लावला, जोर लावला, वस्तू आपल्यापासून दूर गेली. ‘लोटणं’ वेगळं. त्यात वस्तुमान आहे, ओघ आहे. केर लोटतात, पूर लोटतो, धुराचे लोट येतात, जत्रेला माणसं लोटतात. या शेवटच्या वाक्यात ढकलणारा कोण आणि ढकलला जाणारा कोण, हे सांगता येत नाही. गर्दी स्वतःच स्वतःला लोटत येते. ‘रेटणं’ म्हणजे समोरून विरोध आहे आणि तरी सोडायचं नाही. म्हणून बैलगाडी चढावर रेटतात, आणि खोटंही रेटून बोलतात. खोटं ढकलून बोलता येत नाही, कारण खोट्याला समोरून अडथळा असतोच आणि तो ओलांडेपर्यंत जोर चालू ठेवावा लागतो. ‘सारणं’ हळुवार. पडदा सारतात, चुलीत लाकूड पुढे सारतात. ताट बाजूला सारलं म्हणजे बहुधा जेवण झालं. ताट ढकललं म्हणजे भांडण झालं.

लोटण्याची एक खोड तर भाषाशास्त्राच्या वर्गात मांडावी अशी आहे. ‘तो दार लोटून आत आला’ या वाक्यात दार उघडलं. ‘जाताना दार लोटून घे’ या वाक्यात दार बंद झालं. क्रियापद एकच, परिणाम उलट, आणि कुणाही मराठी माणसाचा कधी गोंधळ होत नाही. पोर्तुगीज-इंग्रज भावंडांना जे करायला दोन देश आणि कित्येक शतकं लागली, ते आपण एका उंबऱ्यावर उरकतो.

याच क्रियापदाचं भयंकर रूप म्हणजे कडेलोट. रायगडावरच्या टकमक टोकावर उभं राहिल्यावर वाटाड्या हा शब्द उच्चारतो तेव्हा तिथे ‘कडेढकल’ म्हणता येणार नाही, हे आपोआप कळतं. ढकललेला माणूस तोल सावरू शकतो. लोटलेला नाही.

आता इंग्रजी ‘पुश’ची मराठी करायला बसा. तिथे आणखी एक नवल भेटतं. पुश-बटण असतं ते आपण ढकलत नाही, दाबतो. व्यायामशाळेतल्या पुश-अपना आखाड्यात ‘जोर’ म्हणतात, जोर-बैठकांतले जोर. बाळंतपणाच्या खोलीत इंग्रजी डॉक्टर ‘पुश, पुश’ म्हणते तेव्हा आपल्याकडची सुईण किंवा परिचारिका ‘जोर लाव’ म्हणते, ‘कळ आली की जोर कर’ म्हणते. ‘ढकल’ असं कुणी म्हणत नाही. का बरं?

माझ्या मते उत्तर असं आहे. इंग्रजी क्रियापद ढकलणाऱ्याकडे बघतं. त्याने बाहेरच्या दिशेने जोर लावला की काम झालं, पुढे काय हललं याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही. मराठी ढकलण्याची नजर वस्तूवर असते. ती जागची हलली पाहिजे, दूर गेली पाहिजे. बटण जागच्या जागी राहतं, म्हणून दाबणं. जोर काढताना जमीन कुठे जात नाही, उलट आपणच वर जातो, म्हणून नुसता जोर. ‘दार ढकललं, पण उघडलं नाही’ असं आपण म्हणतो खरं, पण त्या ‘पण’मध्ये अपेक्षाभंग आहे. क्रियापदाने एक वचन दिलं होतं आणि दाराने ते मोडलं.

माणसं ढकलायची वेळ आली की दोन्ही भाषांच्या वाटा आणखीच फाटतात. इंग्रजीत एखाद्याला निर्णयाकडे ‘पुश’ करतात, मागून. मराठीत त्याला ‘गळ घालतात’. गळ हे मासे ओढायचं हत्यार. म्हणजे तेच आर्जव, तोच आग्रह, पण इंग्रजी माणूस मागे उभा आहे आणि मराठी माणूस पुढे. शिवाय आपल्याकडे भरीस घालणं, पिच्छा पुरवणं, तगादा लावणं अशा वेगवेगळ्या धारांची हत्यारं आहेतच. पन्नाशीला आलेल्या माणसाबद्दल इंग्रजीत म्हणतात की तो पन्नाशीला ‘पुश’ करतोय. जणू पन्नाशी एक बंद दार आहे आणि गृहस्थ खांदा लावून उभे आहेत. मराठीत तो नुसता पन्नाशीकडे झुकतो. मला यात मराठी जास्त खरी वाटते. त्या वयात ढकलायला कुणाची तयारी असते!

इंग्रजीने मात्र आपल्या एकाच क्रियापदाला शेपट्या लावून त्याच्याकडून वाटेल ती कामं करून घेतली. ऑन, ऑफ, बॅक, थ्रू, अराउंड. शेपटी बदलली की अर्थ बदलतो. पुढे चालत राहणं, चालतं होणं, प्रतिकार करणं, अडथळ्यातून तडीस नेणं, दादागिरी करणं. मराठीत हे काम दुसरं क्रियापद करतं. ‘ढकलून दे’ म्हणजे एकदाचं कर. ‘ढकलून टाक’ म्हणजे त्याची पर्वा करू नकोस. ‘ढकलत ने’ म्हणजे हात सोडू नकोस, सोबत चाल. ‘ढकलून बघ’ म्हणजे जमेल की नाही ते ठाऊक नाही. देणं, टाकणं, नेणं, बघणं ही साधी घरगुती क्रियापदं, पण ढकलण्याला चिकटली की ढकलणाऱ्याच्या मनात काय आहे ते सांगून टाकतात. इंग्रजी शेपटी मुख्यतः दिशा दाखवते, मराठी जोडीदार हेतू दाखवतो.

आणि मराठी बोलणाऱ्यांनी ढकलण्यातून नवे शब्दही झकास काढलेत. काही न शिकता वरच्या वर्गात गेलेलं पोर ‘ढकलपास’. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंत कुणाला त्याच वर्गात मागे ठेवायचं नाही असं कलम आलं, तेव्हा वर्तमानपत्रांना हा शब्द अगदी तयार मिळाला. एकाकडून आलेली, न वाचता दुसऱ्याकडे सरकवलेली मेल किंवा संदेश म्हणजे ‘ढकलपत्र’. इंग्रजी ‘फॉरवर्ड’मध्ये नसलेला तिरकसपणा त्यात आहे. पाठवणाऱ्याने वाचलेलं नाही, घेणाऱ्याला नको आहे, आणि पत्र मात्र चाललंय.

‘धक्का’ या नामाकडे वळल्यावर पुन्हा सुरतेत यावं लागतं. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. ताप्तीच्या खोऱ्यातून जाणारा सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग ही त्यांची गावाकडची वाट. इथल्या माणसाच्या कानावर गुजराती ‘धक्को’ सतत पडतो आणि त्याचा एक अर्थ मराठी माणसाला सुरुवातीला चकवतो. कचेरीत गेलो, साहेब नव्हते, हात हलवत परत आलो, याला गुजरातीत ‘धक्को खाधो’ म्हणतात. कुणी कुणाला हातही लावलेला नसतो. आपण याच अनुभवाला ‘हेलपाटा’ म्हणतो. हेलपाट्यात चालणाऱ्याचे पाय दिसतात. धक्क्यात त्याला परतवणारी खिडकी दिसते.

मराठी धक्क्याचाही एक अर्थ असाच अनपेक्षित. जहाज लागतं तो बांधलेला काठ म्हणजे धक्का. मुंबईचा भाऊचा धक्का सगळ्यांना ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकात लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांनी तो बांधला. त्यांना लोक भाऊ रसूल म्हणत, म्हणून तो भाऊचा. सुरतेतही तापीकाठी ‘डक्का ओवारा’ नावाचा घाट आहे. काठाचं नाव आणि ढकलण्याचं नाव एकच कसं, याच्या व्युत्पत्तीत मी शिरत नाही. पण बंदरावर जाऊन पाहिलं तर दोघांचं जमतं कसं ते दिसतं. हजिऱ्याच्या बंदरात अवजड जहाज आत येतं तेव्हा शेवटचा तुकडा ते स्वतःच्या यंत्राने पार करत नाही. त्या संथ गतीत सुकाणूला पाणीच धरत नाही. मग टग नावाच्या बुटक्या, दणकट बोटी त्याच्या कुशीला रबराचे जाड गादीदार काठ टेकवतात आणि हळूहळू रेटतात. नीट पाहा, इथे ढकलणं नाही. ढकललं तर जहाज काठावर आदळेल. टेकायचं, चिकटून राहायचं, आणि तसूतसूने जोर वाढवायचा. इतक्या सावकाश लागूनही त्या जागेचं नाव मात्र धक्का.

काळ ढकलण्यात मराठी आणि इंग्रजी अगदी पाठीला पाठ लावून उभ्या आहेत. विद्यापीठ परीक्षा ‘पुढे ढकलतं’, म्हणजे ती उशिरा होते. इंग्रजीत तीच परीक्षा ‘पुश बॅक’ होते, म्हणजे मागे ढकलतात आणि तरीही ती उशिराच होते. एकाच लांबणीवर टाकण्याच्या दोन उलट दिशा! कारण आपण भविष्याकडे तोंड करून उभे आहोत असं मराठी मानते. परीक्षा समोर आहे, तिला आणखी पुढे सारलं की ती लांब जाते. इंग्रजीच्या या वाक्यात घटना आपल्याकडे रांगेने चालत येतात. रांगेतल्या एकीला मागे ढकललं की तिला पोचायला वेळ लागतो. उलट, बैठक लवकर घ्यायची असली की इंग्रजीत ती ‘फॉरवर्ड’ आणतात. आपण तारीख ‘अलीकडे’ आणतो. भारतीय इंग्रजीने या गोंधळाला कंटाळून ‘प्रीपोन’ हा शब्दच रूढ केला. तो मला पूर्ण समर्थनीय वाटतो.

हा गोंधळ नुसता परक्यांचा नाही, इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांचाही होतो. ‘बुधवारची बैठक दोन दिवस फॉरवर्ड केली, तर ती कोणत्या वारी होईल?’ हा प्रश्न मानसशास्त्रज्ञांनी त्यांना विचारला, तर काही सोमवार म्हणाले, काही शुक्रवार. लेरा बोरोडित्स्की आणि मायकेल रामस्कर यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच प्रश्न विमानतळावरच्या लोकांना विचारला होता. नुकतंच विमानातून उतरलेल्यांत ‘शुक्रवार’ म्हणणारे, कुणाला घ्यायला येऊन ताटकळत उभ्या असलेल्यांपेक्षा जास्त निघाले. शरीर प्रवास करून आलं की मनालाही वाटतं आपणच काळातून पुढे चाललोय. बसून वाट पाहिली की वाटतं काळ आपल्याकडे येतोय. हा प्रयोग सुरत स्थानकाच्या फलाटावर, मराठीतून करून बघण्यासारखा आहे.

काळाच्या बाबतीत मराठीचा आणखी एक बारकावा सांगायचा मोह आवरत नाही. वर्षं आपोआप ‘लोटतात’. दिवस मात्र ‘ढकलावे लागतात’. ‘काय चाललंय?’ या प्रश्नाला ‘ढकलतोय दिवस’ हे उत्तर देणारा माणूस रोज सकाळी एक एक दिवस हाताने पुढे सारत असतो, आणि त्याच दिवसांची वर्षं झाली की ती त्याला न विचारता लोटून गेलेली असतात.

आता शब्द जरा बाजूला सारू आणि खऱ्या ढकलण्याकडे जाऊ, कारण तिथलं आश्चर्य शब्दांपेक्षा लहान नाही.

मुंबईहून नाशिककडे किंवा पुण्याकडे जाणारी गाडी सह्याद्री कशी चढते हे किती प्रवाशांनी पाहिलेलं असतं? बोर घाटाचा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला, थळ घाटाचा १८६५ साली. दोन्हीकडे चढ एकास सदतीसचा, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. चालणाऱ्या माणसाला हा चढ जाणवायचाही नाही, पण पोलादाच्या रुळावर पोलादाचं गुळगुळीत चाक असलेल्या गाडीला हा कडाच. म्हणून कसाऱ्याला आणि कर्जतला गाडीच्या शेपटाशी जादा इंजिनं लागतात. रेल्वेची माणसं त्यांना ‘बँकर’ म्हणतात. ती गाडी मागून रेटतात, वर इगतपुरीला किंवा लोणावळ्याला पोचली की सुटी होतात आणि पुढच्या गाडीसाठी खाली येतात.

जादा इंजिन पुढेच का जोडत नाहीत? कारण पहिल्या डब्याची कडी. पुढून ओढायचं म्हटलं तर साऱ्या गाडीचा भार त्या एका जोडावर येतो, मागच्या प्रत्येक डब्याचं ओझं पुढच्या जोडांवर चढत जातं. घाटात ताण वाढून कुठे कडी तुटली, तर मागचे डबे उताराने घरंगळण्याची भीती. मागून रेटा दिला की पुढच्या जोडांवरचा ताण उतरतो, आणि जोड तुटलाच तरी मागे इंजिन भिंतीसारखं उभं असतं. चढत्या गाडीत मधे कुठेतरी असा एक जोड असतो की त्याच्या पुढचे डबे ओढले जात असतात आणि मागचे ढकलले जात असतात, आणि तो स्वतः ना ताणलेला ना दाबलेला. गाडी वळणावर गेली, चढ बदलला, की हा उदासीन बिंदू डब्याडब्यांतून सरकतो. तुम्ही चहा पीत बसलेले असता आणि ओढण्या-ढकलण्याची सीमा तुमच्या बाकाखालून निघून जाते.

जानेवारी २०१९ मध्ये मध्य रेल्वेवरून मुंबई ते हजरत निजामुद्दीन राजधानी सुरू झाली, तेव्हा तिला कसाऱ्याला थांबवून बँकर लावण्याऐवजी पुढे एक आणि मागे एक अशी दोन इंजिनं कायमचीच जोडण्याची पद्धत आणली गेली. एक ओढतं, एक ढकलतं, आणि घाटाखाली थांबायचा वेळ वाचतो. तिचं इंग्रजी नाव ‘पुश-पुल’. पोर्तुगीज कानाला ते ‘ओढा-ओढा’सारखं ऐकू येत असेल.

ढकलणं पोचतं तरी किती वेगाने? हजिऱ्याच्या कारखान्यातल्या पोलादाचा एक सलग दांडा इच्छापोरपासून थेट भाऊच्या धक्क्यापर्यंत ठेवलाय असं समजा. सरळ रेषेत हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. इच्छापोरचं टोक हातोड्याने एक बोटभर ढकललं. मुंबईचं टोक कधी हलेल? बहुतेकांचं उत्तर असतं, त्याच क्षणी. दांडा एकच आहे ना! पण नाही. धक्का अणूकडून अणूकडे जातो, ध्वनीच्या लाटेसारखा, आणि पोलादात त्याचा वेग सेकंदाला साधारण पाच किलोमीटर असतो. म्हणजे वाटेत गंज, घर्षण, वाकणं काही नाही असं धरलं तरी मुंबईकराला टोक हललेलं दिसायला पन्नास सेकंद लागतील. त्या पन्नास सेकंदांत इच्छापोरचं टोक पुढे गेलेलं आणि मुंबईचं जागेवर, म्हणजे दांडा तेवढा आखूड झालेला! नवसारी, वलसाड, डहाणू करत तो आखूडपणा दक्षिणेकडे धावत असतो. टेबलावरची वही ढकलतानाही हेच घडतं, फक्त डोळ्याला न पकडता येण्याइतक्या झटपट. सगळी वस्तू एकदम हलते हा आपला भास आहे.

आणि ज्याला आपण हात लावणं म्हणतो, त्यात अणूवर अणू कधी बसत नाही. हाताच्या त्वचेतले इलेक्ट्रॉन आणि वहीच्या पुठ्ठ्यातले इलेक्ट्रॉन एकमेकांना ठरावीक अंतराच्या आत येऊ देत नाहीत. त्यांच्या या नकारालाच आपण कठीणपणा म्हणतो. ढकलणं म्हणजे मुळात न शिवता केलेली जवळीक.

राहिलं दार, जिथे हा शब्द रोज लिहिलेला दिसतो. डोनाल्ड नॉर्मन या अभ्यासकाने १९८८ सालच्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं की ज्या दारावर ‘पुश’ लिहावं लागतं ते दार बनवणाऱ्याचं काहीतरी चुकलंय. हाताला मूठ दिसली की हात ओढतो. सपाट पत्रा दिसला की हात ढकलतो. वाचायला वेळ नको आणि भाषाही नको. दोन्ही बाजूंना सारख्याच चकचकीत मुठी बसवून वर इंग्रजी अक्षरं चिकटवणाऱ्या आपल्याकडच्या काचेच्या दारांनी ही साधी गोष्ट अजून ऐकलेली नाही.

शोभेच्या दुकानात यात फार तर हसू होतं. गर्दीत जीव जातो. १६ जून १८८३ ला इंग्लंडमध्ये संडरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांसाठी खेळ होता. शेवटी बक्षिसं वाटतायत असं कळल्यावर मुलं जिन्याने खाली लोटली. खालचं दार आत उघडणारं, आणि एका वेळी एकच जण जाईल इतक्या फटीवर अडकवलेलं. मागच्यांच्या रेट्याने पुढची दाराशी चिरडली. १८३ मुलं गेली. दार उघडायला ते ओढायला हवं होतं, आणि गर्दीला ओढता येत नाही. तिला फक्त ढकलता येतं. २० वर्षांनी, ३० डिसेंबर १९०३ ला शिकागोच्या इरॉक्वा नाट्यगृहातल्या आगीत सहाशेवर माणसं मेली. न उघडणाऱ्या दारांचा त्यातही हात होता. अशा अपघातांतून आलेला उपाय म्हणजे दाराला आडवी दांडी. कंबरेच्या उंचीवर असते. हाताने, कोपराने, पोटाने, कशानेही तिच्यावर भार पडला की कडी सुटते आणि दार बाहेर उघडतं.

हजिरा पट्ट्यात खानदेश, ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश, सगळीकडची माणसं कामाला आहेत. धुरात आणि अंधारात त्यांच्यातल्या कुणालाही दारावरचं इंग्रजी वाचावं लागू नये, म्हणून ही दांडी. राष्ट्रीय इमारत संहितेचीही अपेक्षा हीच आहे की बाहेर पडायचं दार बाहेरच्या बाजूला उघडावं.

तेव्हा पुढच्या वेळी नाट्यगृहात, मंगल कार्यालयात, मुलांच्या शिकवणीच्या वर्गात किंवा कारखान्यात जाल, तेव्हा बाहेर पडायचं दार एकदा ढकलून बघा. ते आतल्या बाजूला उघडत असेल, किंवा त्याला साखळी आणि कुलूप घातलेलं असेल, तर तिथल्या व्यवस्थापकाला गाठा, आणि तो ‘बघू’ म्हणाला तर लेखी द्या.